दीर्घिकांमधला गॅस संपत आला म्हणजे नक्की काय झालं?

धूमकेतू:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे बनण्याचा वेग सगळ्यात जास्त होता आणि आज तो जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलाय असं वाचलं. आपल्या आकाशगंगेत तर म्हणे वर्षाला एक-दोन सूर्यांएवढंच वस्तुमान ताऱ्यांत जातं. पण मधल्या काळात दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या होत गेल्या ना, मग उलट जास्त तारे बनायला हवेत! पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने यावर मोठं काम केलंय म्हणतात, पण व्हॉट्सअॅपवर नुसतं 'पुण्याची शान' एवढंच फिरतं, नेमकं काय शोधलं ते कुणी लिहीत नाही. कुणी नीट सांगेल का? थोडं गणित चालेल, बीएस्सीला फिजिक्स होतं.

रानवारा:
प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. तारे बनतात हायड्रोजनपासून, म्हणजे आधी बघायला हवं की त्या काळी दीर्घिकांकडे हायड्रोजन होता किती. आणि घोडं नेमकं इथेच अडलेलं. अणुरूपातला हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो, १४२० मेगाहर्ट्झवर, पण सिग्नल इतका क्षीण की एकेका दीर्घिकेतून तो पकडायचा तर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींची मजल सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंतच गेली होती.

जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमधले त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. एकेक दीर्घिका दिसत नाही ना, मग हजारोंचा सिग्नल एकत्र करा. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या जुन्या सर्वेक्षणातून दीर्घिकांच्या जागा आणि रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे लहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप) आधीच माहीत होते. रेडशिफ्ट १ असेल तर १४२० चे ७१० मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे कुठल्या दीर्घिकेचा सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर यायला हवा हे ठाऊक असतं, तेवढाच तुकडा उचलायचा, सरकवून एकाखाली एक लावायचा आणि सरासरी काढायची. अशा ७६५३ दीर्घिका घेतल्या. तुमचं फिजिक्स झालंय म्हणून सांगतो, नॉइज वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे सगळं नीट जमलं तर साधारण ८७ पटींनी, आणि मग त्यातून सिग्नल डोकं वर काढतो.

हे आधी का नाही झालं? जुन्या जीएमआरटीची बँडविड्थ, म्हणजे एका वेळी टिपता येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ३२ मेगाहर्ट्झ होती, अपग्रेडनंतर ती ४०० पर्यंत गेली, त्यामुळे इतक्या वेगवेगळ्या रेडशिफ्टच्या दीर्घिका एकाच वेळी कवेत आल्या. ४५ मीटरच्या त्या ३० डिश त्याच, पण मागची सगळी इलेक्ट्रॉनिक्स नवी. माझ्या मते खरं श्रेय त्या अपग्रेडवर वर्षानुवर्षं राबलेल्या इंजिनिअर लोकांनाही द्यायला हवं, त्यांची नावं बातमीत येत नाहीत.

निकाल असा की ८ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन भरपूर होता, पण तारे बनायचा वेगही इतका दांडगा की बाहेरून भर पडली नसती तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच खलास झाला असता.

उत्तरा_भाद्रपदा:
रानवारा, छान लिहिलंय, पण 'साठा संपला' एवढ्यावर थांबलो तर अर्धंच कळतं. विहिरीतून उपसा कितीही असो, झरे चालू असतील तर पाणी टिकतं. खरा मुद्दा झरे आटण्याचा आहे. दीर्घिकेत बाहेरच्या पोकळीतून सतत गॅस येऊन पडत असतो, आणि विश्व प्रसरण पावत गेलं तसा तो ओघ मंदावला. शिवाय दीर्घिकेभोवतीचं डार्क मॅटरचं (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या पदार्थाचं) कडं फार मोठं झालं की आत पडणारा गॅस तापून दहा लाख अंशांच्या घरात जातो आणि लवकर निवत नाही. त्यात मधलं महाकाय कृष्णविवर जेट सोडून त्याला तापवत राहतं. म्हणून गॅस आसपास असतो आणि तरी तारे बनत नाहीत.

याच टीमचा २०२२ चा निकालही बघा, सुमारे ९ अब्ज वर्षांपूर्वीपासून पुढच्या जेमतेम एक अब्ज वर्षांत दीर्घिकांमधला सरासरी अणुरूप हायड्रोजन साधारण ३ पटींनी घटलेला दिसतो. म्हणजे ओहोटी लागली ती नेमकी याच सुमाराला.

धूमकेतू, तुमचा मिसळण्याचा मुद्दा: दोन गॅसवाल्या दीर्घिका भिडल्या की एकदम तारे फुटतात हे खरं, पण त्याने हाताशी असलेला गॅसच लवकर जळतो, नवीन कुठून येणार? आणि एक सांभाळा, ही सरासरी फक्त निळ्या, तारे बनवणाऱ्या दीर्घिकांची आहे, तांबड्या थंडावलेल्या त्यात नाहीत. एखाद्या विशिष्ट दीर्घिकेत काय चाललं होतं ते यातून कळत नाही.

धूमकेतू:
दोघांचेही खूप आभार, बरंच उलगडलं. पण बाहेरून गॅस येतो हे दिसलंय का कुठे, की फक्त कॉम्प्युटर सिम्युलेशन?

उत्तरा_भाद्रपदा:
दिसलंय, अगदी आपल्या दारात. स्मिथ क्लाउड नावाचा हायड्रोजनचा ढग आकाशगंगेच्या तबकडीकडे येतोय, सुमारे ३ कोटी वर्षांत आदळेल. हबलने त्यात गंधक मोजलं तर ते सूर्याच्या निम्म्याच्या आसपास निघालं, म्हणजे तो ढग कोरा नाही, बहुधा आपल्याच तबकडीच्या कडेचा गॅस बाहेर जाऊन परत येतोय. ओघ नुसता आत नाही, आत-बाहेर दोन्ही आहे.

मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र ताऱ्यांचा आहे. आकाशगंगा सुरुवातीच्याच गॅसवर चालली असती तर सूर्याच्या आसपास जड मूलद्रव्यं (हायड्रोजन-हेलियम सोडून बाकीची, जी ताऱ्यांच्या पोटात बनतात) अगदी कमी असलेले म्हातारे छोटे तारे ढिगाने सापडायला हवे होते, कारण असे तारे इतक्यात मरत नाहीत, अजूनही जळत असतात. मोजले तर ते फारच थोडे निघतात. हळूहळू बाहेरून ताजा गॅस मिसळत गेला असं धरलं की हिशेब जुळतो. त्यासाठी मोठी रेडिओ दुर्बीणही नको, शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपट पुरेसे आहेत, आणि हा गुंता १९६० च्या दशकापासून माहीत आहे.