‘भूल जास्त झाली’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: मामांचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच थांबवावं लागलं. घरात सगळे म्हणतात, ‘भूल जास्त झाली, अटॅक आला.’ कागदावर मात्र ‘ब्रॅडीकार्डिया’ लिहिलंय. याला मराठीत काय म्हणायचं? आणि हा अटॅकच का?

– नाही ताई, अटॅक वेगळा. ब्रॅडीकार्डिया म्हणजे ठोके मंदावणं. ‘मंदनाडी’ कोशात शोभेल. वॉर्डात ‘पल्स उतरली’ म्हणतात. या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोटाचं अस्तर ताणलं की व्हेगस नावाची नस चेतवली जाते आणि ठोके उतरतात. गॅस सोडला, अ‍ॅट्रोपिन हे ठोके वाढवणारं औषध दिलं की बहुतेक वेळा पूर्ववत होतात. तिरळेपणाच्या ऑपरेशनात डोळ्याचा स्नायू ओढला तरी असंच होतं.

अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटणं. हृदयक्रिया बंद पडणं तिसरंच. (‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे वर्तमानपत्री वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.)

‘भूल’ शब्दातच घोटाळा आहे. भुलणं, चूकभूल, सगळं एका घरातलं. त्यामुळे काही बिघडलं की संशय आधी भुलीवर. सरकारी पाटीवर ‘बधिरीकरणशास्त्र’ असतं, पण बधिर तर दाढेपुरतंही करतात.

आणि ‘जास्त’बद्दल. १८४८ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाखाली दगावली. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद. निजामाच्या पैशावर हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. तिथले इंग्रज सर्जन एडवर्ड लॉरी यांचा कौल श्वासाच्या बाजूने. मग १९११ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनलिन वाढलं तर हृदयाची निलयं, म्हणजे खालचे कप्पे, नुसती थरथरतात, रक्त पुढे ढकलत नाहीत. तिथे भूल जास्त नव्हे, कमी होती! आज क्लोरोफॉर्म वापरत नाहीत, पण आपलं वाक्य तेच राहिलंय.

– मग घरी ‘नाडी सुटली होती’ असं सांगू का?

– छे, नाडी सुटणं म्हणजे ती हाताला न लागणं, माणूस जायच्या बेतात असणं. ‘ऑपरेशनच्या वेळी ठोके उतरले’ एवढंच सांगा. आणि पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना तो कागद आधी दाखवा.