मदत हवी आहे: नागपुरात क्लासच्या हॉलसाठी जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आणि सीलिंग करावं का?

वैदर्भी_मृ

नमस्कार. मानेवाडा रोडवरच्या एका व्यापारी संकुलात तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर २,२०० चौरस फुटांचा मोकळा हॉल भाड्याने घेतला आहे. दहावी-बारावीचे तीन वर्ग, छोटं ऑफिस आणि एमपीएससीच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे. स्लॅबची उंची साडेदहा फूट. मागच्या बाजूला गच्चीवर पत्रे टाकून १५ बाय २० ची खोली काढलेली आहे, अभ्यासिका तिथे बसवायचा विचार आहे.

विटांच्या भिंती बांधायला घरमालकांनी साफ नकार दिला. स्लॅबवर वजन नको म्हणतात. मग तीन ठेकेदारांना बोलावलं. एक म्हणतो जिप्सम बोर्ड, दुसरा म्हणतो पार्टिशन प्लायचं आणि सीलिंग पीओपीचं, तिसरा पीव्हीसी पॅनल सुचवतो. तो सगळ्यांत स्वस्त आहे आणि आठ दिवसांत काम देतो म्हणाला.

माझी भीती वेगळी आहे. आमचा जुना क्लास नंदनवनला होता. तिथे जिप्समचं सीलिंग करून घेतलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात सांध्यांवर बारीक चिरा आल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध झोळ पडला आणि एका सकाळी क्लास उघडला तर बोर्डाचा अख्खा तुकडा दुसऱ्या रांगेतल्या बाकावर पडलेला. आदल्या संध्याकाळी त्याच बाकावर तीन मुली बसल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, बोर्डाचा लॉटच तसा आला होता. मला ते पटलं नाही, पण माझ्याजवळ उत्तरही नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही हॉलमध्ये गेले की आधी माझी नजर छताकडे जाते.

आणखी दोन गोष्टी. एका वर्गातलं शिकवणं दुसऱ्या वर्गात ऐकू येता कामा नये. जुन्या जागी गणिताच्या तासाला शेजारचं जीवशास्त्र ऐकू यायचं. आणि आग. २०१९ च्या मे महिन्यात सुरतच्या कोचिंग क्लासच्या आगीत २२ जीव गेले, तोही वरचाच मजला होता. पालक मुलं माझ्या भरवशावर पाठवतात, त्यामुळे पैसे वाचवायचे ते इथे नाही.

एप्रिलअखेर काम संपायला हवं. कृपया ज्यांनी स्वतः असं काम केलं किंवा करून घेतलं आहे त्यांनी सांगा.

---

रेशीमबागकर

ताई, घरमालक बरोबर बोलून राहिले. हिशोब पाहा. २० फूट लांब, १० फूट उंच भिंत फ्लाय ॲशच्या विटांची चार इंची बांधली आणि दोन्हीकडून प्लास्टर केलं, तर चार टनांच्या वर जाते. तेवढीच जिप्समची भिंत अर्ध्या टनाच्या आत बसते. दोन्ही बाजूंनी डबल बोर्ड मारला तरी एका टनाच्या खालीच. खाली बीम नसेल अशा जागी चार टन ठेवायचे नसतात जी.

पीव्हीसीवाल्याला मात्र आजच नाही म्हणून टाका. जळालं की त्याच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, डोळे उघडत नाहीत अन् श्वास घेता येत नाही. पोट्ट्यांच्या क्लासमध्ये ते नकोच.

---

ओळंबा

मी साइट इंजिनिअर आहे, इंटिरिअरच्या कामांवर बरीच वर्षं काढली. मृ ताई, एक विचारतो: नंदनवनच्या क्लासमध्ये एसी होता की कूलर?

---

वैदर्भी_मृ

कूलर. दोन मोठे डेझर्ट कूलर, खिडकीत बसवलेले. मार्च ते जून दिवसभर चालायचे. एक्झॉस्ट नव्हता. कूलरचा यात काही संबंध असेल असं कधी वाटलंच नाही.

---

ओळंबा

संबंध आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी, म्हणून सगळे समजतात की नागपुरात बोर्डाला ओलीचा धोका फक्त पावसाळ्यात. पण बंद खोलीत दोन कूलर चालवले आणि हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर आतली हवा भर उन्हाळ्यात दमट होते. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्समचा गाभा. ओल धरली की कागदाची ताकद जाते, बोर्ड स्वतःच्याच वजनाने वाकतो. रात्री कूलर बंद, सकाळपर्यंत बोर्ड वाळतो, परत दिवसभर ओल. सांध्यांवरच्या चिरा त्यातूनच.

त्यात वरची फ्रेम विरळ असली की काम तमाम. सीलिंगचे मुख्य चॅनल (ज्यांना बोर्ड स्क्रूने बसतो त्या पत्र्याच्या पट्ट्या) साधारण ४५० मिमीवर आणि त्यांना धरणारे आडवे इंटरमीडिएट चॅनल १,२०० मिमीवर हवेत. पैसे वाचवायला ४५० चे ६०० करतात, ते खालून कुणाला दिसत नाही. स्क्रू २३० मिमीवर हवेत. त्याचं डोकं कागदाच्या जेमतेम खाली बसलं पाहिजे. कागद फाडून आत गेलं तर तो स्क्रू काहीच धरत नाही. पडलेल्या तुकड्याचा फोटो असेल तर बघा, स्क्रू स्लॅबकडेच राहिले होते का?

---

वैदर्भी_मृ

फोटो आहे. आत्ता मोठा करून पाहिला. स्क्रू वर चॅनलमध्येच आहेत, बोर्ड त्यांच्यातून ओघळून खाली आला आहे. दोन चॅनलमधलं अंतर बाकाच्या लांबीशी ताडून पाहिलं, दोन फुटांपेक्षा कमी नाही.

---

ओळंबा

मग लॉटला दोष देऊ नका. काम चुकलं होतं.

आता नव्या जागेचं. वर्गांत एसी घेणार असाल तर साधा १२.५ मिमी बोर्ड चालेल. कूलरच असतील तर सीलिंगला हिरव्या कागदाचा, ओलरोधक बोर्ड घ्या आणि कूलरच्या समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट बसवा. हिरवा बोर्ड दमट हवा सोसतो, गळतं पाणी नाही. म्हणून सगळ्यात आधी गच्चीवर बांध घालून ४८ तास पाणी साठवा आणि खालून स्लॅब पाहा. वरचा मजला आहे, सीलिंग झाल्यावर गळती कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पत्र्याच्या खोलीत जिप्सम लावू नका, हे मी जोर देऊन सांगतो. हा बोर्ड सतत ५० अंशांच्या आसपास तापला की गाभ्यातलं बांधलेलं पाणी हळूहळू निघून जातं आणि तो भुसभुशीत होतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालची हवा सहज त्याच्या वर जाते. तिथे आधी पत्र्याला खालून इन्सुलेशन, मग कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल्सचं ग्रिड सीलिंग. खरं सांगायचं तर अभ्यासिका आत घ्या आणि ऑफिस तिकडे न्या. मुलं तिथे आठ-आठ तास बसणार आहेत.

पीओपीबद्दल: नक्षीकामाला आजही चांगलं, पण ते जागेवर ओलं काम आहे, वाळायला वेळ लागतो आणि सगळं कारागिराच्या हातावर. वर्गाला त्याची गरज नाही.

---

आकाशवाणी_चौक

आवाजाबद्दल मी लिहितो, रेकॉर्डिंगच्या खोल्या बनवण्यात आयुष्य गेलं.

नव्वद टक्के ठिकाणी चूक एकच असते: आधी पूर्ण हॉलचं सीलिंग करतात आणि पार्टिशन त्याच्या खाली आणून थांबवतात. मग आवाज एका वर्गातून वर जातो आणि सीलिंगच्या पोकळीतून दुसऱ्या वर्गात उतरतो. तुमच्या गणितात जीवशास्त्र असंच शिरलं असणार. पार्टिशन स्लॅबला भिडलं पाहिजे, सीलिंग नंतर, प्रत्येक वर्गाचं वेगळं. स्लॅबशी बारीक फट ठेवून ती न वाळणाऱ्या ॲकॉस्टिक सीलंटने भरायची. पुट्टी भरली तर स्लॅब थोडा हलताच तडकते. खालचा चॅनल आणि फरशी, तसंच वरचा चॅनल आणि स्लॅब यांच्यामध्ये फोमची पट्टी. भिंतीच्या आत ५० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या धाग्यांचा कापसासारखा थर), कुठेही मोकळी जागा न सोडता. वर्गांच्या मधल्या भिंतींना दोन्ही बाजूंनी दुहेरी बोर्ड, आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत.

इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा, दोन वर्गांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ नकोत. तेवढं भोक आवाजाला पुरतं. आणि दरवाजा पोकळ घेतलात तर भिंतीवरचा सगळा खर्च पाण्यात. भरीव फ्लश डोअर, खाली रबराची पट्टी.

अजून एक. छिद्रांच्या 'ॲकॉस्टिक' टाइल्स कुणी साउंडप्रूफ म्हणून विकायला आला तर त्या वर्गातला घुमारा कमी करतात, शेजारी जाणारा आवाज अडवत नाहीत. दोन्ही कामं वेगळी आहेत. मुलांना शेवटच्या बाकावर नीट ऐकू यावं म्हणून त्या जरूर लावा, पण त्यांच्याकडून भिंतीचं काम मागू नका.

---

वैदर्भी_मृ

दादा, किती बरं वाटलं सांगू. एवढी वर्षं मी मुलांना "हळू बोला" म्हणत राहिले.

आगीबद्दल कुणी सांगेल का? जिप्समवाला म्हणतो, "मॅडम, गुलाबी बोर्ड लावला की दोन तासांची हमी." हे खरं असतं का?

---

ओळंबा

अर्धवट खरं. जिप्सममध्ये वजनाच्या जवळपास २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघताना उष्णता खातं, आणि ते संपेपर्यंत मागची बाजू फार तापत नाही. गुलाबी बोर्डात शिवाय काचेचे धागे असतात, त्यामुळे गाभा लवकर ढासळत नाही.

पण तासांचं रेटिंग, म्हणजे आग किती वेळ अडेल ते, एकट्या बोर्डाला नसतं, पूर्ण भिंतीला असतं: किती थर, किती जाडी, कोणता स्टड (भिंतीतली पत्र्याची उभी पट्टी), आत काय भरलं, सांधे कसे बुजवले. दोन तासांसाठी साधारण १५ मिमीचे दोन-दोन थर दोन्ही बाजूंना लागतात. ठेकेदाराकडून त्या नेमक्या रचनेचा चाचणी अहवाल मागा आणि त्याबरहुकूम काम करून घ्या. वायरींसाठी पाडलेली भोकं साध्या फोमने भरली तर रेटिंग गेलंच. बोर्डावर आयएस २०९५ ची खूण बघा.

मला विचाराल तर जिन्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या भिंती गुलाबी बोर्डाच्या करा. मुलं तिथूनच बाहेर पडणार. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली परवानाधारक एजन्सी असतात, त्यांच्याकडून आराखडा काम सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या. पार्टिशन उभं राहिल्यावर दार हलवणं महागात पडतं.

---

रेशीमबागकर

अन् पंखे विसरू नका ताई. पंख्याचा हूक थेट स्लॅबमधून, सीलिंगच्या चॅनलला टांगू देऊ नका. फळा, प्रोजेक्टर, एसी जिथे लागणार तिथे बोर्डाच्या मागे प्लायचा किंवा पत्र्याचा आधार आधीच ठोकून घ्या. नुसत्या बोर्डात खिळा थांबत नाही.

---

वैदर्भी_मृ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरमालकांशी बोलले, गच्चीवर पाणी साठवायची परवानगी मिळाली, उद्यापासून ४८ तास. अभ्यासिका आत घेतली, ऑफिस पत्र्याखाली. त्यासाठी वर्ग तीनऐवजी दोनच होतील. पीव्हीसीवाल्याला कळवून टाकलं.

जिप्समवाल्याला चॅनलचं अंतर, स्क्रूचं अंतर आणि पार्टिशन स्लॅबपर्यंत, हे तिन्ही कोटेशनमध्ये लिहून मागितलं. सीलिंगचा दर त्याने आधी चौरस फुटाला ८० सांगितला होता, आता ९२ म्हणतो. म्हणजे ८० मध्ये तो काय देणार होता ते कळलं.

एक राहिलं: बोर्ड चढवायच्या आधी फ्रेम मी स्वतः तपासणार आहे, हातात टेप घेऊन. टेपने अंतर कळेल, पण पत्रा पातळ वापरलाय की नाही हे कसं ओळखायचं?

---

ओळंबा

हार्डवेअरच्या दुकानात साधा व्हर्निअर मिळतो, तो घ्या. चॅनलचा पत्रा अर्ध्या मिमीच्या आसपास भरला पाहिजे. फ्रेम उभी राहिली की फोटो इथे टाका, बोर्ड मी सांगेपर्यंत चढवू देऊ नका.