घोडेमालकावर खोट्या तक्रारी करणाऱ्याचं नाव नोंदलं गेलं पाहिजे की नाही?

पागेवाला_काटोलरोड
नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरी घोडा, बैल, गाय, कुत्रा काहीही आहे त्यांनी जरूर वाचा. नागपूरच्या काटोल रोडला शहराबाहेर आमचं शेत आहे, तिथं चार घोडे आहेत, वडलांपासूनचा नाद. त्यातली एक घोडी विशीच्या पुढं गेलेली, तिचं काम कधीचंच बंद केलंय, पाठ वयानं बसली, दाढा झिजल्या म्हणून चंदी, म्हणजे दाणा, भिजवून द्यावी लागते अन् तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळतो आम्ही. मागच्या दिवाळीनंतर आमच्या नावानं तक्रारी सुरू झाल्या. पहिली, म्हातारीला उपाशी ठेवतात. दुसरी, मेलेला घोडा उन्हात पडून आहे. तो मेलेला घोडा म्हणजे आमचा कुमैत, म्हणजे तांबूस रंगाचा घोडा, थंडीच्या सकाळी ऊन खात आडवा होऊन गाढ झोपला होता, घोडा नुसता उभ्यानंच झोपतो असं ज्याला वाटते त्यानं कधी पागा पाहिली नसेल. तिसरी, तोंड बांधून ठेवतात. ती जाळीची मुसकी आहे, पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतावर मोकळा सोडला की आमचा एक घोडा फुगतो अन् मग खुरात सूज येऊन लंगडतो, म्हणून डॉक्टरांनीच सांगितलेली, तिच्यातून तो गवताचे शेंडे खातो अन् पाणीही पितो. अन् तक्रारीसोबतचा फोटो होता ऑगस्टचा, मागं हिरवंगार दिसते, तक्रार झाली डिसेंबरात!

दर वेळी कोणीतरी येते, पाहते, ठीक आहे म्हणते, जाते. मग तीच तक्रार दुसऱ्या ऑफिसात. कोण करून राहिलं ते आख्ख्या गावाला माहीत आहे, पांदण रस्त्याचा वाद आहे, घोड्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही. नाव मी इथं लिहिणार नाही. माझं म्हणणं एकच आहे, तक्रार घेताना माणसाचं नाव, फोन लिहून घ्या, अन् तपासणीत वारंवार काहीच निघालं नाही तर कारवाई त्याच्यावर करा. तुम्हाला काय वाटते?

मुक्यांसाठी_ताई
दादा तुमच्यासोबत झालं ते चुकीचंच आहे, पण तुमचा उपाय मला मान्य नाही, अजिबात नाही. नाव सक्तीचं केलं की फोन यायचेच बंद होतील. मी रेस्क्यूचं काम करते, मला कोणाचे फोन येतात सांगते, भाड्यानं राहणारी बाई, कामाला जाणारा पोरगा, शेजारच्या गल्लीतली शाळेतली मुलगी. समोरचा माणूस दांडगा असतो म्हणून तर ते थेट बोलत नाहीत. मागच्या सीझनला एका वरातीतल्या घोडीच्या तोंडातून रक्त येत होतं, काटे असलेला लगाम, जो १९६५ च्या ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या नियमात सरळ सरळ बंद आहे. कळवलं कोणी तर त्याच मोहल्ल्यातल्या एका पोरानं. त्याचं नाव कागदावर असतं तर त्यानं फोन केला असता का?

आणि कायदा किती तगडा आहे तेही पहा. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! जनावर छळणाऱ्याला ५० रुपये आणि त्याबद्दल सांगणाऱ्यावर केस, असं पाहिजे का आपल्याला?

घोडी_बग्गी_इतवारी
ताई ५० रुपये तुमी वाचून रायल्या पण आमचं काय जाते ते नाही पाहून रायल्या. आमचा बापजाद्याचा धंदा आहे लग्नाच्या घोडीचा. दंडाले कोण भेते, भेतो ते जनावर उचलून नेण्याले. एकदा नेलं की कोर्टाचा आदेश येईपर्यंत ते पांजरापोळात नाहीतर गोशाळेत, तिथला चाऱ्याचा डॉक्टरचा गाडीभाड्याचा खर्च मालकावर, अन् लग्नाचा सीझन किती दिवसाचा असते तुमाले माहीत आहे. तो गेला का वर्षभर घरात काय खाऊ. आमच्यावर तक्रार केली ते दुसऱ्या घोडीवाल्यानं, बुकिंग फोडायले, बयाना परत करा लागला पार्टीले. घोडीले काहीच झालं नव्हतं. मुंबईत २०१५ मधे हायकोर्टानं व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद केल्या, तवापासून आमच्या लोकाईच्या मनात भेव बसला आहे का आता आपला नंबर. काटेरी लगाम वापरणाऱ्याले धरा ना जी, आमीच धरून देतो. पण जो चांगला ठेवते त्याले काहून?

मुक्यांसाठी_ताई
@घोडी_बग्गी_इतवारी दादा धंद्यातली चढाओढ असते हे मान्य. पण दुपारच्या वराती तुम्ही घेता की नाही ते सांगा. त्याच नियमात लिहिलंय की ३७ डिग्रीच्या वर तापमान असेल तर दुपारी १२ ते ३ जनावराला गाडीला जुंपायचं नाही, त्याच्यावर ओझं लादायचं नाही, दिवसात सगळं मिळून ९ तासाच्या वर काम नाही, सलग ५ तासाच्या वर नाही. नागपुरात एप्रिल मे मधे दुपारी ३७ च्या खाली असते का कधी? डीजेच्या भिंतीसमोर तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या घोड्या मी दरवर्षी पाहते.

घोडी_बग्गी_इतवारी
आमी दुपारची घेत नाही. जे घेतात त्यायले मीबी बोलतो. पण पार्टी पैसे देते अन् मुहूर्त पुढं सरकत जाते, नवरदेवाचा मामा म्हणते थांबा अजून एक गाणं, मंग घोडीवाल्यानं काय कराव? तक्रार त्या मामावर बी घ्या.

सिव्हिल_लाईन्सकर
धागाकर्त्याला एक प्रश्न. तुमचे घोडे ठणठणीत आहेत, पाणी आहे, डॉक्टर आहे, मग तपासणी आली तर बिघडलं काय? दाखवायचे घोडे, करायची सही, विषय संपला. मला तरी हे अति वाटतं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं नाही त्याने एवढं चिडायचं कारण काय.

पागेवाला_काटोलरोड
@सिव्हिल_लाईन्सकर बिघडलं काय ते सांगतो. आमचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, वडलांच्या वेळेपासूनचा माणूस, खरारा करता करता घोड्याशी बोलणारा, पोलीस दारात आले त्या दिवसापासून त्याची झोप उडाली, आता गाडीचा आवाज आला की तो दाण्याचा तोबरा खाली ठेवून आधी फाटकाकडं पाहते. म्हाताऱ्या घोडीचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, खाली लिहिलं होतं कसाई. माझ्या मुलीनं तो वाचला. तिचं बालपण त्या घोडीच्या पाठीवर गेलं आहे, ती दोन दिवस शाळेत गेली नाही. रायडिंग शिकायला येणारी पोरं बंद झाली, आईबाप म्हणतात तुमच्याकडं काहीतरी चालू आहे असं ऐकलं. तपासणीत काही निघालं नाही हे ग्रुपवर कोणी टाकत नाही हो. तपासणीला माझा विरोध नाही, या ना, रोज या, सांगून नका येऊ. माझा विरोध त्या माणसाला आहे ज्याला माहीत आहे की घोडे बरे आहेत अन् तरी लिहून देतो.

काळा_कोट_नागपूर
कायद्याचं थोडं लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट गोष्टी चालू आहेत. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे, म्हणजे मारणं, उपाशी ठेवणं, आखूड दोरीनं बांधणं वगैरे, हे अदखलपात्र आहेत, कलम ३१ प्रमाणे त्यातली फक्त मोजकी पोटकलमं दखलपात्र, म्हणजे क्रूरपणे मारून टाकणं, झुंजी लावणं अशी. त्यामुळे नुसत्या ‘उपाशी ठेवतात’ अशा तक्रारीवर पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, कलम ३४ खाली कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा अधिकारी, गुन्हा झालाय असं मानायला कारण असेल तर जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो, म्हणून घोडीवाले दादांची भीती खोटी नाही. दुसरं, कलम ३६, गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. पागेवाले, तुमच्या त्या ऑगस्टच्या फोटोवर डिसेंबरात तक्रार, याचं उत्तर या कलमात आहे, लेखी जबाबात हे लिहून द्या.

आता खोट्या तक्रारीचं. सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास द्यायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ चा गुन्हा आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हेच दंड संहितेचं कलम १८२ होतं. अडचण अशी की ही केस घोडेमालकाला स्वतः टाकता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मुळे ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली त्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं लेखी तक्रार केली तरच कोर्ट दखल घेते. आणि अधिकारी ती करत नाहीत, त्यांना कशाला डोक्याला ताप. बदनामीची केस, कलम ३५६, ती मात्र तुम्ही स्वतः करू शकता, ग्रुपवरच्या ‘कसाई’साठी तीच लागेल. तेव्हा नवा कायदा आणा म्हणण्यापेक्षा आहे तो वापरा.

मुक्यांसाठी_ताई
@काळा_कोट_नागपूर म्हणजे तुम्हीच म्हणता कायदा आहे. मग नाव सक्तीचं करायची गरज काय?

काळा_कोट_नागपूर
नावच नसेल तर २१७ लावायचं कोणावर ताई? माहिती अधिकारात तक्रारीची प्रत मागितली तरी माहिती देणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर कलम ८ खाली नाव झाकता येते. म्हणजे नाव ऑफिसकडे राहील, मालकाला दिसणार नाही. तुमच्या भाड्यानं राहणाऱ्या बाईला यात काय धोका आहे ते मला सांगा.

मुक्यांसाठी_ताई
धोका हा की ठाण्यातून नाव फुटते. तुम्ही कोर्टात असता, मी ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली असते. कागदावर झाकलेलं नाव चहाच्या टपरीवर उघडं होते, हे मी पाहिलंय.

सेमिनरी_हिल्सचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे. माझ्या मते खरी गडबड तक्रारीत नाही, तपासणीत आहे. पाहायला जातो तो माणूस बऱ्याचदा घोडा ओळखतच नाही, त्याला गाय माहीत असते. घोड्याच्या अंगावरच्या मांसाचं १ ते ९ असं मोजमाप १९८३ पासून जगभर वापरात आहे, मान, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ हाताने चाचपून अंक द्यायचा. हाताने, फोटोवरून नाही. म्हाताऱ्या घोड्याची पाठ बसलेली असते, तरी त्याला ५, म्हणजे मधला चांगला अंक मिळू शकतो. मागचा एक पाय सैल सोडून उभा असलेला घोडा लंगडा नसतो, आराम करत असतो. पण मागचा नाही, पुढचा पाय पुढे टाकून भार काढत असेल तर ते खरोखर दुखणं असतं. हा फरक तपासणाऱ्याला कळलाच पाहिजे, नाहीतर निरोगी घोडा उचलला जातो आणि आजारी मागे राहतो.

आणि उचलणाऱ्या मंडळींनी हे नक्की वाचा. घोड्याला उलटी करता येत नाही. चारा एकदम बदलला की पोटशूळ होतो आणि त्यात घोडा मरतो. गाईच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला चालतं, घोड्याला अगदी थोडंही विष आहे. तेव्हा घोडा नेऊन गाईंच्या गोठ्यात बांधला आणि समोर येईल ते घमेलं ठेवलं तर वाचवायला नेलेलं जनावर तिथंच जाईल. ताब्यात घ्यायचाच असेल तर त्याचा नेहमीचा चारा सोबत न्या.

मुक्यांसाठी_ताई
डॉक्टर हे मात्र मनापासून पटलं. आमच्या ग्रुपवर टाकते. मोनेन्सिनचं आमच्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल.

सिव्हिल_लाईन्सकर
पागेवाले, तुमचं उत्तर वाचलं. मुलीचं वाचून वाईट वाटलं. तरी नावाच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूने.

घोडी_बग्गी_इतवारी
डॉक्टर साहेब आमच्यासारख्यानं कोणते कागद ठेवाव ते सांगा ना. आमच्याकडं तर नालबंदाची पावती बी नसते.

सेमिनरी_हिल्सचा_डॉक्टर
साधी वही चालेल दादा. नाल कधी मारली, जंताचं औषध कधी दिलं, धनुर्वाताची लस कधी, डॉक्टर कधी येऊन गेले, त्यांची सही. चारा कुठून आणता त्याच्या पावत्या, साडेतीनशे चारशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा लागतो, तेवढा घरात येतो हे पावतीवरून दिसलं पाहिजे. आणि दर महिन्याला दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, त्याच जागी उभं करून फोटो, तारखेसकट. तपासणी झाली की तपासणाऱ्याकडून ‘पाहिलं, असं आढळलं’ असं लेखी घ्या, त्याच्या सही आणि वेळेसकट. तोंडी ‘ठीक आहे’ला पुढच्या तक्रारीत काही किंमत नसते.

पागेवाला_काटोलरोड
डॉक्टर, लेखी मागितलं तर मागच्या वेळी म्हणाले आम्हाला तसा अधिकार नाही. वकील साहेब, यावर काय?

काळा_कोट_नागपूर
दिलं नाही तर त्याच दिवशी तुम्हीच त्यांच्या ऑफिसला पत्र द्या, अमुक तारखेला अमुक जण येऊन चार घोडे पाहून गेले, काही आक्षेप सांगितला नाही, आणि आवक-जावकला शिक्का घ्या. त्याच पत्रात ही कितवी तक्रार ते लिहा आणि २१७ खाली कारवाईची मागणी करा. ते करणार नाहीत कदाचित, पण पुढच्या वेळी हायकोर्टात जायची वेळ आली तर शिक्क्याची ही पत्रं फाईलला लागतात. २००१ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी, एक प्रत तिथं द्या.

पागेवाला_काटोलरोड
देतो. अन् ताई, नाव मालकाला सांगू नका, मला चालते, पण ऑफिसच्या कागदावर ते असलंच पाहिजे, याच्यावर मी ठाम आहे. तुम्हाला कधीही सवड मिळाली तर शेतावर या, सोबत तुमच्या ग्रुपमधले चार जण आणा, घोडीच्या बरगड्यांवर हात ठेवून पहा.

मुक्यांसाठी_ताई
येते दादा, नक्की येते. पण ठाण्यातून नाव फुटणं बंद होत नाही तोपर्यंत मी कोणालाच नाव द्या म्हणून सांगणार नाही.