गटभाषण: चौघांचं एक की चार सुटी?

खडूफळा
वर्गाला दरवर्षी गटभाषण देतो. चौघे, एक विषय, आठ मिनिटं. यंदा एका गटाचा विषय होता 'झोप'. पहिली म्हणाली, "झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे." दुसरा उठला, "नमस्कार. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे." तिसऱ्याचंही तेच. चौथ्याकडे समारोप होता, पण तोवर साडेसात मिनिटं उलटलेली. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, "धन्यवाद" म्हणाला आणि बसला.

हे गटभाषण नव्हे, चार भाषणांची रांग. दोष मुलांचा नाही. विषय मिळताक्षणी 'तू प्रस्तावना, तू मुद्दे' अशी वाटणी होते आणि मग कोणी कोणाचं वाचतच नाही. म्हणून आता नियम केलाय: पहिले दोन तास वाटणी बंद. एक कागद, एक पेन. ऐकणाऱ्याला नक्की काय पटवायचंय ते आधी एका वाक्यात लिहायचं. चारही भाग चौघांना यायला हवेत. कोण काय बोलणार, ते दहा मिनिटं आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं.

मागचा_बाक
चिठ्ठ्या? मी शाळेत असतो तर त्या दिवशी पोटदुखीचं निमित्त काढून घरी राहिलो असतो. नाटकात दिवे सांभाळणाऱ्याला ऐन प्रयोगाच्या दिवशी नायक करतात का? ज्याला जे जमतं ते त्याने करावं, यालाच गट म्हणतात.

खडूफळा
पण वर्ग म्हणजे प्रयोग नाही, तालीम आहे. दिवे सांभाळणारा कायम दिवेच सांभाळत राहिला तर त्याला बोलायला शिकवणार कोण?

एकटीच_लिहिते
मास्तर, 'एक कागद, एक पेन' वाचून हसू आलं. ते पेन कोणाच्या हातात जातं माहितेय? माझ्या. अक्षर बरं, हात भरभर चालतो, झालं! बाकीचे "हो हो, छान" म्हणत खिडकीबाहेर बघणार. आमच्या गटाचं भाषण आदल्या रात्री मी एकटीने लिहिलं होतं आणि गुण चौघांना सारखे. एकाला तर स्वतःच्या परिच्छेदातला 'अपरिहार्य' हा शब्दही धड वाचता आला नाही. त्याची चूक नव्हती म्हणा, शब्द माझा होता.

दोरीचं_टोक
यावर जुना अभ्यास आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष १९१३ मध्ये छापले: माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होतो. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि आरडाओरडा घेऊन तेच तपासलं. कारणं दोन दिसली. एक, ताळमेळ बसत नाही. दुसरं, माणूस अंग चोरतो. आपला वाटा वेगळा ओळखू येणार असेल तर अंग चोरणं कमी होतं. म्हणून सगळे गुण गटाला देऊ नका. निम्मे गटाला, निम्मे ज्याचे त्याला. मसुद्यात कोणत्या ओळी कोणाच्या, तेही समासात लिहू द्या.

तुकडा_तुकडा
खडूफळा, तुमचं निदान अर्धंच बरोबर आहे. वाटणी वाईट नाही, वाटणी कशाची करता ते बघा. मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत जिगसॉ पद्धत आणली. त्यात प्रत्येक मुलाला धड्याचा वेगळा तुकडा द्यायचा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण धडा कळत नाही. इथेही तसंच करा. एकीने मेंदूचं वाचावं, एकाने मोबाइलच्या उजेडाचं, एकाने दुपारच्या डुलकीचं, एकाने स्वप्नांचं. मग एकमेकांना सांगावं. वाचन वाटा, लेखन नका वाटू.

शिवाय हिशेब करा. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर आठ मिनिटांचे हजार, म्हणजे माणशी अडीचशे. त्यातले तीस 'नमस्कार'मध्ये आणि पन्नास व्याख्येत गेले तर उरलं काय?

खडूफळा
वाचन वाटायचं, हे मान्य. पेनाचंही मान्य, दर परिच्छेदाला हात बदलेल. निम्मे गुण ज्याचे त्याला, तेही ठरलं.

एक मात्र माझ्याकडून. तालमीत सर्वांत जास्त वेळ सांध्यांना द्यावा, म्हणजे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या जागांना. "आता माझा मित्र पुढचा मुद्दा मांडेल" हा सांधा नव्हे, ती खुर्ची रिकामी करणं झालं. परवा एका मुलीने शेवट केला, "एवढं सगळं माहीत असून आपण रात्री बारापर्यंत जागतो, का?" आणि पुढच्याने नमस्कार-बिमस्कार न करता थेट सुरुवात केली, "कारण मोबाइल उशाशी असतो." वर्ग हसला. ही दोन वाक्यं जुळवायला त्या दोघांना पाऊण तास लागला होता. भांडणासकट.

मागचा_बाक
हे आवडलं. चिठ्ठ्यांचं अजून पटलेलं नाही.

खडूफळा
बरं, चिठ्ठ्या राहतील, पण आपसात बदलायची मुभा. मला विचारायचं नाही, गटातल्याला पटवायचं.

मागचा_बाक
मग मी दर वेळी तिसरा भाग मागून घेतला असता. तिसऱ्याकडे कोणी बघत नाही.