किंगचा नाद जरा बाजूला ठेवा

दादा, जुलैत अलास्कातल्या अँकरेजला भाच्याकडे निघालाय आणि तिथल्या केनाई नदीवर किंग सॅमनच (सॅमन माशातली सगळ्यात मोठी जात) धरायचा म्हणताय. तिकीट काढलंय ते ठीक, पण 2023 आणि 2024 मध्ये केनाईत किंगची मासेमारी बंद होती. तिथलं मासे आणि शिकार खातं मधेच तातडीचा आदेश काढतं, त्यामुळं निघायच्या आदल्या रात्रीसुद्धा त्यांची वेबसाइट बघायची.

लायसन्स ऑनलाइन मिळतं, किंगसाठी वर वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना, लागतो. आणि कुणीतरी वर दांड्याचं मोठं जाळं न्यायला सांगितलंय, ते विसरा. ते फक्त अलास्काच्या रहिवाशांना चालतं. भाच्यानं धरलं तरी तुम्ही काठावरच.

जुलैत सॉकाय, म्हणजे सॅमनचीच दुसरी जात, मात्र रग्गड. पण पंचगंगेवर कणकेची गोळी लावून बसतो तसं तिथं नाही जमत, कारण समुद्रातनं नदीत शिरलेला सॅमन खाणंच सोडतो. गळ वाहत्या पाण्यातनं त्याच्या तोंडापुढनं न्यावा लागतो. मला पहिला लागला तो पाठीच्या पराला. मी हरखून ओढतोय, तर शेजारचा म्हातारा ओरडला, सोड! गोड्या पाण्यात गळ तोंडात नसेल तर मासा लगेच सोडावा लागतो. एवढं लाल धूड हातातनं गेलं, लई जीवावर आलं.

तांबड्याचा मसाला घरचाच न्या. सॉकायचं मांस घट्ट असतं, शेवटी टाकलं तर रश्श्यात फुटत नाही.