मस्टँग ५.० ला कुठला एअर फिल्टर? पेपर, कॉटन की ड्राय (तांबडी धूळ आणि पावसाळा धरून सांगा)

डिचोलीकर_व्ही८
नमस्कार मंडळी. २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, सेकंडहँड घेतलेली, आणि आधीच्या मालकाकडे एअर फिल्टर कधी बदलला त्याचा काहीच रेकॉर्ड नाही. काल एअर बॉक्स उघडला तर फिल्टरच्या घड्या सगळ्या तांबड्या, खाली कोपऱ्यात कुजलेली पानं, म्हणजे बदलायचाच आहे हे नक्की. रोजचं रनिंग डिचोली ते पणजी, अधूनमधून रविवारी पहाटे चोर्ला घाट. आमच्या भागात खनिजाचे ट्रक चालतात आणि रस्त्याच्या कडेची धूळ तुम्हाला माहीतच आहे.
आता पर्याय असे दिसतात, मोटरक्राफ्टचा कंपनीवाला पेपर, के अँड एनचा तेलाचा कॉटनवाला, नाहीतर एएफई किंवा एईएमचा ड्राय (बिनतेलाचा). एक मित्र म्हणतो बॉक्सच काढ आणि ओपन कोन (बॉनेटखाली उघडाच राहणारा शंकूसारखा फिल्टर) टाक, आवाज भारी येतो. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि ही गाडी तर आधीपासूनच इम्पोर्टेड, पार्ट मागवायला वेळ जातो, म्हणून एकदाच घेऊन धुवून वापरता येईल असा बरा वाटतोय. पॉवर, मायलेज यात खरंच फरक पडतो का? ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा प्लीज.

घाटवेडा
भाऊ आधी अभिनंदन, ते इंजिन म्हणजे सोनं आहे. मी माझ्या पोलो टीएसआयला बरीच वर्षं कॉटनवाला वापरतोय आणि मला आवडतो. पाय दाबला की इनटेकचा आवाज भरून येतो, वरच्या आरपीएमला गाडी मोकळी वाटते. पण तुझ्या गाडीला ४०१ पीएस आहेत, त्यात पॅनेल फिल्टर (बॉक्समध्ये बसणारा चपटा) बदलून दोन-चार वाढले तर ते रेडलाइनजवळच (आरपीएमच्या वरच्या मर्यादेला), ट्रॅफिकमध्ये काही कळणार नाही. घेतलास तर धुतल्यावर तेल बेतानं लाव. जास्त झालं तर ते उडून पुढच्या एअर फ्लो सेन्सरवर बसतं आणि मग आयडल वरखाली, चेक इंजिन लाइट, सगळं सुरू. आणि मी राहतो फोंड्याला, माझं सगळं रनिंग हायवेचं, हे पण लक्षात घे.

बोअर_आणि_रिंगा
डिचोलीकर बाब, मी इंजिनं उघडतो, त्यातही खाणपट्ट्यातल्या गाड्या जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
तुमचा प्रश्न पॉवरचा आहे पण तुमच्या रस्त्याला खरा प्रश्न धुळीचा आहे. पाच लिटरचं इंजिन ६,५०० आरपीएमला फुल थ्रॉटल घेतलं तर मिनिटाला साधारण १६,००० लिटर हवा ओढतं (फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पाच लिटर, हिशोब करून बघा). त्या हवेत जे काही तरंगतंय ते सगळं फिल्टरवर येतं. आपली माती जांभ्याची, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर, त्यात क्वार्ट्झचे बारीक कण. ते आत गेले की तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासत राहतात, लगेच काही कळत नाही, मग गाडी तेल प्यायला लागते आणि कम्प्रेशन उतरतं.
आता आकडे. फिल्टरची टेस्ट आयएसओ ५०११ प्रमाणे करतात, ठरलेली धूळ मोजून सोडायची आणि किती अडली ते बघायचं. समजा एक फिल्टर ९९ टक्के अडवतो आणि दुसरा ९७, वाचताना दोन्ही सारखेच वाटतात, पण १०० ग्रॅम धुळीतली पहिल्यातून १ ग्रॅम जाते आणि दुसऱ्यातून ३. म्हणजे तिप्पट. म्हणून बॉक्सवर हॉर्सपॉवर काय लिहिलेत ते बघू नका, अडवतो किती ते बघा. चांगला पेपर यात पुढे असतो, ड्रायमध्ये मॉडेलनुसार फरक आहे, आणि तेलाचा कॉटन साधारणपणे हवा जास्त सोडतो पण बारीक धूळही थोडी जास्त सोडतो. हायवेला चालेल, ट्रकच्या मागे मी नाही घालणार.
मायलेजचं म्हणाल तर अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये तपासलं होतं, आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेज जवळजवळ तेवढंच राहतं, पिकअप मात्र पडतो. कारण अर्ध्या थ्रॉटलला हवा तशीही थ्रॉटलची झडपच अडवत असते आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) येईल त्या हवेप्रमाणे पेट्रोल देतो.
अजून एक, दर महिन्याला फिल्टर काढून हवा मारायची सवय असेल तर सोडा. पेपरवर धुळीचा पातळ थर बसला की तो अजून बारीक कण अडवायला लागतो, आणि जवळून प्रेशर मारलं की घड्यांना डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात.

डिचोलीकर_व्ही८
खूप उपयोगी माहिती, देव बरें करूं. म्हणजे पेपर किंवा ड्राय. मग किती किलोमीटरला बदलायचा? आणि पावसात पेपर भिजला तर? ओपन कोनचं कोणीच काही बोललं नाही.

वागातोर_वारा
कोनचं मी सांगते. आमच्या घरातल्या गाडीला होता, काढून टाकला. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढत राहतो, आणि गरम हवा म्हणजे ऑक्सिजन कमी, पॉवर उलट उतरते. आवाज येतो त्यामुळे गाडी पळते असं वाटतं एवढंच. पावसाळ्यात तर विचारूच नको, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, कोन खाली लावला असेल आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुझ्या व्ही८ चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) रॉड वाकला तर खर्च तूच मोज. कंपनीने बॉक्स, तोंड आणि पाइप विचार करून बसवलाय, तो राहू दे.
कॉटनवाल्याबद्दल पण एक सांगते, धुतल्यावर तो आपोआप पूर्ण सुकू द्यावा लागतो, हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेसर चालत नाही. जुलैत आमच्याकडे कपडे सुकत नाहीत तिथे फिल्टर कसला सुकतोय. घ्यायचाच असेल तर दोन घे आणि मे महिन्यात धू.

बोअर_आणि_रिंगा
ताईंनी बरोबर सांगितलं. पेपर थोड्या दमट हवेने बिघडत नाही, पण चिंब भिजला तर फुगतो, हवा अडते, घड्या चिकटतात, तो वाळवून परत घालू नका. बॉक्सच्या तळाला पाणी निघायचं भोक असेल तर पानांनी बुजलंय का ते जूनच्या आधी बघा. तुमच्या बॉक्समध्ये पानं सापडली म्हणजे तिथूनच सुरुवात करा.
किलोमीटरचं, फोर्डच्या अमेरिकन शेड्यूलमध्ये ३०,००० मैल, म्हणजे ४८,००० किमीच्या आसपास, पण धुळीत त्याच्या आधी असंही तिथेच लिहिलंय. तुमच्या रस्त्याला एवढं थांबू नका. पावसाळा संपला की एकदा बघायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा, घड्यांच्या खोबणीत धूळ भरून आली असेल तर सरळ नवा.
आता सगळ्यात महत्त्वाचं. कितीही भारी फिल्टर घ्या, कडेचं रबर नीट बसलं नाही तर हवा बाजूनं जाते, ती सोपी वाट सोडून घड्यांतून कशाला जाईल. जुना काढल्यावर पुढच्या पाइपात, म्हणजे स्वच्छ बाजूला, पांढरं कापड बोटाला गुंडाळून फिरवा, सेन्सरला धक्का न लावता. कापड कोरडं आणि स्वच्छ आलं तर ठीक. तांबडी पूड आली तर जुन्या फिल्टरच्या रबरावर बघा, जिथून धूळ गेली तिथे कडेवरून आडवी तांबडी रेघ आलेली असते, एकदा बघितली की परत कधी चुकत नाही. रेघ दिसली तर झाकणाचा काठ वाकलाय का, क्लिप सैल आहे का, ते आधी करा आणि मगच नवा बसवा. पुढच्या ऑइल चेंजला थोडं तेल लॅबला द्या, सिलिकॉनचा (क्वार्ट्झच्या धुळीतला घटक) आकडा वर असेल तर धूळ आत जात होती असं समजा.

घाटवेडा
+१. आणि विकत घेताना डुप्लिकेटपासून सांभाळ भाऊ. रबर कडक, घड्या कमी आणि वाकड्यातिकड्या, टॉर्च मागे धरला की कुठे प्रकाश जास्त कुठे कमी, असा असेल तर परत कर.

डिचोलीकर_व्ही८
कापड फिरवून बघितलं, थोडी पूड आली, आणि रबरावर एका कोपऱ्यात ती रेघ पण आहे. त्याच कोपऱ्यात झाकण नीट दबत नव्हतं, खाली डहाळी अडकलेली. बॉक्स पुसून घेतला, झाकण आता सगळीकडून सारखं बसतंय. मोटरक्राफ्टचे पेपर दोन मागवतोय, एक लगेच, एक स्पेअर.

बोअर_आणि_रिंगा
उत्तम. नवे येईपर्यंत ट्रकच्या मागे अंतर ठेवून चालवा. स्पेअरची पिशवी फोडू नका, कपाटात आडवा ठेवा, वर काही वजन नको, रबर दबलं की मग बसत नाही.