विषयपत्रिका मराठीतूनही हवीच
कुणीतरी म्हटलंय, बेळगाव महापालिकेची सभा म्हणजे नुसता गोंधळ, लक्ष देऊन उपयोग नाही. मला हे अजिबात पटत नाही. कर-अर्थ, आरोग्य, नगररचना, लेखा अशा चार स्थायी समित्या आहेत. बरेच विषय तिथूनच सभेत मंजुरीला येतात. वडगावातली तुंबलेली गटार समितीतच लावून धरायची आणि सभेनंतर इतिवृत्तात ठराव नीट उतरलाय का ते बघायचं. पण विषयपत्रिका फक्त कन्नडमध्ये असेल, तर ती आयत्या वेळी कुणाकडून तरी समजून घेणारा मराठी नगरसेवक हात वर करण्यापलीकडे काय करणार? ती मराठीतून मिळेपर्यंत आपण महापालिकेला तक्रारीचे अर्ज मराठीतच देऊया. घटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.